दुष्काळात जाड झालेली बाई

माझ्या मालनआत्याला चोर म्हणणारी माणसं अजून जिवंत आहेत. लग्नाकार्यात भेटतात, डोक्यावरून हात फिरवतात, "पुष्पे, बरी हायेस का?" म्हणून विचारतात. मी बरी आहे. पण यांच्यातल्या एकाच्याही तोंडून "मालनच्या बाबतीत आमी चुकलो" एवढं मी आजवर ऐकलेलं नाही. आता ऐकायची आशाही सोडली आहे. म्हणून हे लिहायला बसले आहे, आणि गोड शब्दांत लिहिणं मला जमणार नाही.

मालनआत्या म्हणजे माझ्या वडलांची, सूर्यभानची, थोरली बहीण. जामखेडकडे दिलेली. नवरा साप चावून गेला तेव्हा ती कोवळ्या वयाची होती, पदरात मूल नव्हतं. सासरच्यांनी दिवसकार्य होताच तिची वळकटी बैलगाडीत टाकली आणि आमच्या वस्तीवर आणून सोडली. आमची वस्ती कर्जत तालुक्यात, मिरजगावपासून पायी जाण्याच्या अंतरावर. तिथून पुढं तिचा सगळा जन्म भावाच्या दारात गेला. अंगानं इतकी सडपातळ की तिची चोळी मला शाळेत असतानाच बसायला लागली होती.

भावकीत लग्न निघालं की कोठीवर आत्या. कोठी म्हणजे लग्नाचा शिधा ठेवलेली खोली. गूळ, तेल, डाळी, सगळं तिच्यात. कोठीवर बसवायचं माणूस शोधताना लोक नवऱ्या मुलाच्यापेक्षा जास्त चौकशा करतात, कारण तिथं बसलेल्याचे नातेवाईक रात्रीत श्रीमंत होतात. आत्या बसली की तो प्रश्न नसायचा. मी लहान असताना अशाच एका लग्नात कोठीच्या दारात उभी राहून गुळासाठी भोकाड पसरलं होतं. सख्खी भाची. आत्यानं मला दंडाला धरून अंगणात काढलं आणि म्हणाली, "गूळ नवरीच्या बापाचा हाय. माझा आसता तर दिला आसता." लोक हसले. त्या दिवशी मला तिचा राग आला होता. पण भावकीत तिची जी काही इज्जत होती ती याच एका गोष्टीची होती. नवरा नाही, मूल नाही, जमीन नाही. हात स्वच्छ, एवढंच. बाईमाणसाचं तेवढंही लोकांना बघवत नाही.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षीही नावालाच आला होता. विहिरींचे तळ दिसायला लागले, दावणीची जनावरं गेली, आणि सगळी वस्ती पाझर तलावाच्या कामावर आली. पुरुष खणत होते, बायका पाट्या वाहत होत्या, खडी फोडत होत्या. मी मॅट्रिकला नापास होऊन घरी बसलेली, मीही आत्याच्या शेजारी बसून खडी फोडायची. घरात मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, तीही मोजून.

मग कामावर सुकडी यायला लागली. भाजलेलं पीठ, त्यात गूळ आणि तेल. पोत्यांतून यायची आणि दुपारच्या सुट्टीत वाटायची. बायकांना आणि पोराबाळांना ती मिळाली की कामाच्या तळावर जरा जीव यायचा. पहिल्यांदा वाटायचं काम एका तरण्या सुनेकडं दिलं होतं. एके दिवशी वाटता वाटता कुणाच्या तरी ध्यानात आलं की ही तर बाहेरची आहे, पाळी चालू आहे हिची. झालं! टोळीतल्या म्हाताऱ्यांनी एकच गलका केला. अन्नाला विटाळ झाला म्हणाले. अख्खं पोतं ओढत नेलं आणि बांधापलीकडे ओतलं. दुष्काळ होता, लेकरं हातात ताटल्या घेऊन उभी होती, आणि ही शहाणी माणसं कुत्र्यांपुढं सुकडी ओतत होती. त्या सुनेला नवऱ्यानं तिथंच मारलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मला अजून त्या लेकरांची तोंडं आठवतात, आणि आठवली की तळपायाची आग मस्तकात जाते.

मग टोळीचा मुकादम आसाराम म्हणाला, वाटायला अशी बाई पाहिजे जिचा विटाळ गेला आहे. महिन्याच्या महिन्याला भानगड नको. अशी बाई शोधायला कुणाला विचारावं लागलं नाही. आमच्याकडे कोणती बाई कधी गोठ्याच्या पडवीत बसते हे सगळ्या वस्तीला दिसतं, आणि कोणती बसायची थांबली तेही दिसतं. बाईच्या अंगात काय चाललं आहे हे तिला कळायच्या आत शेजारणीला कळतं.

"आमच्या वन्सं हायेत की," गोजरकाकू म्हणाली. ही गोजरबाई म्हणजे भावकीतल्या चुलत्याची बायको. आत्या तिची नणंद लागायची. "दसऱ्यापासनं बसल्या न्हाईत त्या. आन हात तर ठावंच हाय समद्यांना."

असं आत्याला माप मिळालं. डालड्याच्या डब्याचं कापून केलेलं माप. ती ते शिगेला भरायची, बोटानं वरून सारखं करायची, ताटलीत पालथं घालून बुडावर ठोकायची. चिमूटभर आत राहू द्यायची नाही. कोठीवर असायची तसाच ताठ मान करून ती पोत्यापाशी बसायची. स्वतःच्या वाटणीचं पदराला बांधून घरी आणायची आणि माझ्या धाकट्या भावंडांच्या हातावर ठेवायची. "मला गोड बाधतंय," म्हणायची. तिला गोड बाधत वगैरे नव्हतं. निदान तेव्हा तरी तिला तसं वाटत नव्हतं.

आणि त्याच हिवाळ्यात तिचं अंग सुटायला लागलं.

सगळ्या तळावरची माणसं वाळत होती. माझ्या आईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. आणि आत्याची कंबर भरत होती, पोट पुढं येत होतं. हात-पाय तसेच काटकुळे, सगळं वाढणं पोटाला. चोळीची गाठ बसेना. मानेवर मागच्या बाजूला काळी पडलेली कातडी, जाड, मखमलीसारखी. तिला वाटलं धुळीचा मळ आहे. पाय घासायच्या वजरीनं ती मान घासायची. रक्त यायचं पण काळं जायचं नाही. तहान इतकी की टँकर आला की तिला दोन तांबे पाणी जास्त लागायचं, आणि पाण्यासाठी बायका जिथं झिंज्या उपटत होत्या तिथं दोन तांबे म्हणजे काय हे मी सांगायला नको. पाणी प्यायलं की बाभळीआड जावं लागायचं. घटकाभरात परत जायची. भाकरी खाल्ली तरी थोड्या वेळानं हात कापायचे, भूक लागायची. मधूनच अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं. तोंड लालबुंद, कपाळावर घाम, ऐन थंडीत ती पदर काढून वारा घ्यायची.

तिनं काही लपवलं नाही. एकदा मिरजगावच्या डॉक्टरकडंही जाऊन आली. मी सोबत होते. त्या माणसानं तिच्या अंगाला हात लावला नाही, नाडी बघितली नाही. खुर्चीतून मान वर करून एकदा पोटाकडं बघितलं आणि म्हणाला, "वय झालं बाई तुमचं. वात आहे. जरा कमी खात जा." दिवसाला दीड भाकरी खाणाऱ्या बाईला हा माणूस कमी खा म्हणाला! आत्या बाहेर आली. रस्त्यानं मला म्हणाली, "पुष्पे, आता आर्दीवर येते. बघू." आणि आली अर्धीवर. पोट काही कमी झालं नाही.

आता तळावरच्या बायकांनी काय हिशेब केला असेल तो करा. सगळे वाळतात आणि एकच बाई सुटते. ती बाई सुकडीच्या पोत्यापाशी बसते. सारखी बाभळीआड जाते. तिकडं काय करते? परत येते तेव्हा पाणी मागते. गोड खाल्ल्यावर तहान लागतेच. मान काळी ठिक्कर, म्हणजे पाप अंगावर उमटलं. तिच्या दुखण्याची एकेक खूण उचलून त्यांनी तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून मांडली.

सगळ्यांत पुढं गोजरकाकू. तिची धाकटी पोर त्या दिवसांत फार खंगली होती, हे मला मान्य आहे. पोरीच्या बरगड्या दिसत होत्या, आणि आईच्या डोळ्यांत त्या रात्रंदिवस खुपत असणार. पण म्हणून दुसऱ्या बाईच्या पोटावर बोट ठेवायचं? "आमच्या पोरींच्या तोंडचं कुठं जातंय ते बघा की समद्यांनी," असं ती पाट्या वाहता वाहता म्हणायची, आत्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

एके दुपारी आसारामनं वाटप थांबवलं. सगळी टोळी गोळा झाली. आसाराम तसा दांडगा माणूस, पण त्या दिवशी मोठा न्यायाधीश झाला होता. म्हणाला, "मालनबाई, लोक काय म्हनत्यात ते कानावर आलंच आसंल. तुमी खाता का न्हाई यातलं?"

"न्हाई," आत्या म्हणाली. आणि नेमकी त्याच वेळी तिच्या अंगातून ती वाफ आली. मानेपासून कपाळापर्यंत तोंड लाल झालं, घामाच्या धारा लागल्या. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बघा, बघा," कुणीतरी मागून बोललं. "कसा घाम फुटला!"

माझे वडील पुढं झाले. "आसाराम, माझी भन उपाशी ऱ्हाईल पन खानार न्हाई."

"मंग भंडारा उचलू द्या," गोजरकाकू म्हणाली. "खोटं नसंल तर भ्यायचं काय?"

भंडारा उचलायचा म्हणजे खंडोबाच्या ठाण्यावरची हळद मुठीत घेऊन शपथ घ्यायची. आमच्याकडं कोर्टापेक्षा लोक त्याला भितात. खोटा भंडारा उचलला तर तो लागतो, अंगावर उमटतो, असं सगळे मानतात. आत्याही मानत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरच्या ठाण्यासमोर सगळे जमले. जन्मभर जिच्या हातावर भावकीनं कोठ्या सोपवल्या, तिचा तोच हात आज पुढं करायला लावला. तिनं मूठभर भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "लेकरांच्या वाटचा एक कन माझ्या पोटात गेला आसंल तर माझं अंग सडून जाऊ दे." एवढं मोठं बोलायची गरज नव्हती. पण ती चिडली होती. तिच्या जागी मी असते तर भंडारा त्यांच्या तोंडावर फेकला असता.

लोक पांगले. माप तिच्याकडेच राहिलं. आणि चारच दिवसांत खडी फोडताना दगडाची कपची उडून तिच्या पायात घुसली. अंगठ्याशेजारच्या बोटात. आमची पावलं दगडांनी रोज फुटायची. माती लावायची, चिंधी बांधायची, संपलं. सगळ्यांच्या जखमा वाळल्या. आत्याची वाळेना. बोट सुजलं, पिवळं झालं, मग निळं. आणि गंमत अशी की तिला फारसं दुखतही नव्हतं. चिंधी सोडली की वास यायचा.

"भंडारा लागला," तळावर एकच बोलणं झालं. "तोंडानंच म्हनली हुती, आंग सडू दे. देव ऐकतोय बरं का."

मला तिथं उभं राहून ओरडावंसं वाटायचं, पण काय ओरडणार? मलाही काही कळत नव्हतं. आत्याचा स्वतःवरचा विश्वास त्या दिवसांत पहिल्यांदा ढळला. एकदा चिंधी बांधताना मला म्हणाली, "पुष्पे, वाटताना बोटं चाटली आसतील का गं मी कवा? ध्यानात न्हाई. तेवढ्यासाठी देव पाय घील का?" स्वच्छ हाताची बाई आणि ती स्वतःचीच उलटतपासणी घेत होती! तळावरच्या लोकांचे बाकीचे गुन्हे मी एकवेळ सोडून देईन, हा सोडणार नाही.

आसारामनं माप काढून घेतलं आणि गोजरकाकूकडं दिलं. काकू चाळिशीच्या आतबाहेर, पण तिनं छातीठोक सांगितलं, "माझंबी थांबलंय यंदा. उपासमारीनं आलंच न्हाई." त्या वर्षी कितीतरी बायकांचं तसं झालं होतं, त्यामुळं कुणी शंका घेतली नाही.

बोट काळं पडलं तसे वडील घाबरले. आईच्या गळ्यातले मणी गेले, आणि आम्ही आत्याला एस.टी.त घालून नगरला नेलं. तिथं एक डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी पायाच्या आधी आत्याची मान बघितली. लुगडं सैल करायला लावून पोट चाचपलं. तहान किती, लघवीला किती वेळा जाता, अंगातून वाफा येतात का, पाळी कधी थांबली. आत्या माझ्याकडं बघायला लागली. इतक्या महिन्यांत तिला हे प्रश्न कुणी विचारलेच नव्हते. मग बाईंनी लघवी तपासली. काचेच्या नळीतलं निळं पाणी तापवता तापवता विटकरी झालं.

"साखर आहे. भरपूर," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी खाटेच्या कडेला बसून आम्हाला समजावलं. ते मी शब्दशः लक्षात ठेवलं आहे, कारण वस्तीवर जाऊन ते मला सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, "पाळी जायच्या सुमाराला बाईच्या अंगातले रस बदलतात. काही जणींची चरबी मग पोटाभोवती जमते, खाणं न वाढताही. आपण खातो त्याची, अगदी साध्या भाकरीचीही, आत साखरच होते. ती साखर अंगाच्या कामी यावी म्हणून इन्सुलिन नावाचा रस असतो. यांच्या अंगात तो रस आहे, पण अंग त्याला दाद देत नाही. मग साखर रक्तात पडून राहते आणि लघवीवाटे निघून जाते. अंग उपाशीच राहतं. म्हणून ही भूक, ही तहान. मानेचं काळं त्याच्यामुळंच. आणि साखर वाढली की जखम भरत नाही."

"म्हंजी खाऊन झालं न्हाई हे?" वडलांनी विचारलं.

"उपाशी राहिल्यानं गेलं नाही, ते खाल्ल्यानं कसं आलं असेल?" बाई म्हणाल्या.

वडील तिथंच भिंतीला टेकून रडले. बहिणीला मोठं दुखणं आहे असं कळल्यावर आनंदानं रडणारा भाऊ मी तेवढा एकच पाहिला. दोन बोटं कापावी लागली. गोळ्या दिल्या, गूळ-साखर बंद, पायात चप्पल घातल्याशिवाय जमिनीवर पाय ठेवायचा नाही. परत येताना वडील एस.टी.त सारखं घोकत होते, "आता सांगतो एकेकाला. आता सांगतो."

आणि सांगितलं. दुपारच्या सुट्टीत, भर टोळीपुढं. आजार आहे, डॉक्टरीण बाईंनी तपासून काढलं, लघवीत साखर सापडली, मालननं चोरी केलेली नाही. मी मध्ये मध्ये ते अंगातले रस सांगायचा प्रयत्न केला. लोकांनी ऐकून घेतलं. मग आसाराम सावकाश म्हणाला, "साखर सापडली म्हंता?"

"व्हय. भरपूर."

"सूर्यभान, आमच्या घरात सहा महिन्यांत गुळाचा खडा न्हाई. तुमच्या घरात तरी हाय का?"

"न्हाई."

"मंग मालनच्या लघवीत साखर आली कुठनं?"

टोळी हसली. अशी हसली की मला वाटलं जमीन दुभंगावी. सुकडीत गूळ असतो, गूळ खाल्ल्याशिवाय साखर कशी येईल, आणि आता तर नगरच्या डॉक्टरनंच चोरी पकडली! "भाकरीची साखर हुती म्हनं," बायका एकमेकींना सांगून पोट धरून हसत होत्या. "आमच्या भाकरीची का न्हाई हुत?" वडलांचं तोंड एवढंसं झालं. भाबडा माणूस, बहिणीला सोडवायला गेला आणि फासाची गाठ घट्ट करून आला. त्या दिवसापासून आत्याला 'साखरबाई' म्हणायला लागले.

मला आज स्वतःला हेच दुखणं आहे. तीच मान, तेच पोट. माझ्या मुलीच्या वयाची डॉक्टर मला कागदावर चित्र काढून समजावते, आणि मी चहात साखर नको म्हटलं तर सगळे कौतुकानं मान डोलावतात. माझा आजार तो आजार, आणि आत्याचा मात्र गुन्हा!

उन्हाळा लागला. आत्याचा पाय भरला तसा ती परत कामावर यायला लागली, कारण न येऊन चालणार नव्हतं. वडलांनी टायरच्या चपला करून दिल्या होत्या. ती एका कडेला बसून खडी फोडायची, कुणाशी बोलायची नाही. दुपारी रांगेत उभी राहायची. जी बाई माप भरायची ती ताटली घेऊन गोजरकाकूपुढं उभी राहायची, आणि काकू माप भरताना हात आखडता घ्यायची. "साखरबाईंना बेतानं हो," म्हणायची. आत्या ते घेऊन घरी आणायची आणि पोरांना द्यायची, पूर्वीसारखंच.

एके दिवशी मी रांगेत आत्याच्या मागं होते. आमच्या पुढं लेकरांचा घोळका ताटल्या वाजवत बसला होता, त्यात काकूची धाकटीही. काकूचं लक्ष नव्हतं. तोंड उतरलं होतं, एका हातानं कंबर धरली होती. पोतं मागं ओढायला ती वळली आणि बसली, आणि उठली तेव्हा रांगेतल्या बायकांना दिसलं. लुगड्यावर मागं लाल डाग पडला होता.

तिचं काही थांबलेलं नव्हतं. सगळा हिवाळा-उन्हाळा ती लपवून वाटत होती. माप हातचं जाऊ नये म्हणून.

रांगेतल्या बायका एकदम गप्प झाल्या. जिनं तिनं जमिनीकडं बघितलं. काकूला त्या शांततेवरूनच कळलं असावं. ती पोत्याकडं पाठ करून उभी राहिली. पोत्यापलीकडं म्हातारे तंबाखू मळत बसले होते. आसाराम आमच्याकडंच यायला निघाला होता. मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. मी आत्याच्या कानात म्हणाले, "आत्या, आता सांग. आता म्हन तिला, उचल भंडारा."

आत्या लंगडत पुढं गेली. सरळ काकूच्या मागं जाऊन उभी राहिली, पोतं आणि काकू यांच्या मधल्या जागेत. आपलं ते सुटलेलं अंग घेऊन ती तिथं उभी राहिली आणि काकू म्हाताऱ्यांच्या बाजूनं पुरती झाकली गेली. खडी फोडताना बसायला घ्यायची ते खांद्यावरचं बारदान तिनं काकूच्या कमरेला गुंडाळलं.

"दे ते माप इकडं," ती हळू म्हणाली. "कंबर धरली आसंल तुझी. जा, सावलीला बस."

काकूनं माप दिलं. बारदान सावरत ती बाभळीकडं गेली.

आसाराम येऊन पोचला. "हे काय? मालनबाई, तुमाला कुनी सांगितलं मापाला हात लावायला?"

आत्यानं पोत्यात हात घातला, माप शिगेला भरलं, बोटानं सारखं केलं. "गोजरला घेरी आलीया. मी वाटते," ती म्हणाली. आणि मग सगळ्या तळाला ऐकू जाईल अशा आवाजात, "कुनाला भंडारा पायजे आसंल तर आत्ताच म्हना. मी उचलते. माझ्या संगं आनखी कुनी उचलायचा ते बी ठरवा."

आसारामनं रांगेकडं बघितलं. एकाही बाईनं मान वर केली नाही. काकू बाभळीखाली बारदान घट्ट धरून बसली होती. तो आल्या वाटेनं निघून गेला.

आत्यानं लेकरांना आधी वाढलं. प्रत्येक माप पालथं घालून बुडावर ठोकलं. काकूच्या धाकटीला वाढताना हात आखडला नाही.

पुढं पाऊस येऊन काम बंद होईपर्यंत माप आत्याकडंच राहिलं. पण तिला साखरबाई म्हणायचं कुणी थांबवलं नाही, आणि पुढल्या वर्षी काकूच्या थोरलीच्या लग्नात कोठीवर दुसरीच बाई बसली. पायही पुढं आणखी कापावा लागला. गोजरकाकू अजून आहे. मागच्या लग्नात मला म्हणाली, "तुझी आत्या लई पोट सुटल्याली बाई हुती गं." मी तिच्यापुढून उठून गेले.

त्या दिवशी घरी जाताना मात्र मी आत्यावर चिडले होते. वाटेत उभी राहिले आणि म्हणाले, "तुला चोर ठरवलं तिनं. बोटं गेली तुझी. एक शब्द बोलायचा हुतास फक्त. का न्हाई बोललीस?"

आत्यानं चपलेत शिरलेला खडा काढला.

"आगं, मी बोलले आसते तर त्यांनी पोतं वतलं आसतं की बांधापल्याड," ती म्हणाली. "लेकरं ताटल्या घिऊन बसली हुती."